पास करण्याचं कारण

भिंगरावांच्या घरात नवी वस्तू आली की आधी ती जुनी करायची आणि मगच त्यांच्यासमोर आणायची, अशी पद्धत होती. पडदे दोनदा धुऊन लावले जात. पातेलं आठवडाभर शेजारणीकडे वापरायला जाई. उशांचे अभ्रे महिनाभर कपाटात चुरगळून पडत आणि मग एका सकाळी, आपण कायमचे इथलेच आहोत असा चेहरा करून पलंगावर येत. कारण कोरी वस्तू हाती आली की भिंगराव ती उजेडाकडे धरत, कडेवरून अंगठा फिरवत आणि आवाज न चढवता म्हणत, "इथे बघ." इथे हमखास काहीतरी असे. एखादा टाका सुटलेला, झाकण केसभर कललेलं, रंगाचा एक थेंब आपली हद्द ओलांडून गेलेला. ते चुकत नसत, हेच वाईट होतं. चुकले असते तर निदान भांडता आलं असतं.

बायकोने अनुभवातून एक तोडगाही काढला होता. नवी किटली आणली की ती स्वतःच काट्याने तिच्यावर एक ओरखडा काढून ठेवी, सहज दिसेल अशा जागी. भिंगरावांना तो मिनिटभरात सापडे, त्यांचं समाधान होई आणि बाकीची किटली वाचे.

भिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कपबशांच्या कारखान्यात ते तपासनीस होते आणि हे नाव त्यांना भट्टीवाल्याने दिलं होतं. सरकत्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला, दोन ट्यूबलाइटच्या मधोमध एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर भिंगराव चोवीस वर्षं बसले होते. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप त्यांच्यासमोरून जाई. ते तो उचलत, तोंडाच्या कडेवरून बोट फिरवत, आत डोकावत, नखाने टिचकी मारत. कप "टण" म्हणाला तर पुढे जाई, "ठप" म्हणाला तर डावीकडच्या पिंपात. टवका, तडा, झिलईतलं टाचणीएवढं भोक, वाकडा कान, यांतलं काही त्यांच्या हातून कधी सुटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चांगल्या कपांशी मात्र त्यांचा परिचय नव्हता. चांगला कप म्हणजे ज्यात काही सापडलं नाही तो. त्याच्याकडे बघण्यासारखं काही नसे, तेवढ्यात पुढचा आलेला असे.

तर अशा या माणसाला एका संध्याकाळी जेवण झाल्यावर बायकोने समोर बसवलं आणि सांगितलं की तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, मुलगी एकाला घरी घेऊन येणार आहे. लग्न ठरल्यातच जमा आहे. मुलगी पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी लिहून घेण्याच्या खिडकीवर बसते, तो त्याच खात्यातला. दोघांची ओळख दोन वर्षांची आहे.

"दोन वर्षं?" भिंगराव म्हणाले.

भिंगरावांना हळूहळू उमगलं की तो मुलगाही घराच्या पद्धतीप्रमाणे दोन वर्षं जुना करून मगच आपल्यासमोर आणला जात आहे.

"हे बघा," बायको म्हणाली, "त्याला उजेडाकडे धरायचं नाही. एक जरी 'इथे बघ' तोंडातून निघालं ना, तर ती जाईल. आदळआपट करून नाही जायची. शांतपणे जाईल आणि परत यायची नाही. तुमचीच मुलगी आहे ती. तिने खोलीसुद्धा बघून ठेवलीय."

"मी काही बोलणारच नाही."

"तुम्ही बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं."

मुलगी आतल्या खोलीत होती आणि दार लोटलेलं होतं. ती आठ वर्षांची असताना तिने एकदा घोड्याचं चित्र काढून आणलं होतं आणि त्यांनी घोड्याचा मागचा पाय आखूड असल्याचं तिला प्रेमाने दाखवून दिलं होतं. त्यानंतर तिने त्यांना काहीही दाखवल्याचं त्यांना आठवेना. तिची प्रगतीपुस्तकं, तिचे नवे बूट, तिचा पहिला पगार, सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं ते शिळं होऊन. चांगल्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा चेहरा आठवायचा म्हटला तर त्यांना तिच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण तेवढा नीट आठवत होता. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं की आपण बदलायचं. कसं, ते ठरवण्याच्या आत त्यांना झोप लागली. उशीच्या अभ्र्याची शिवण सरळ नव्हती, हे मात्र त्याआधी लक्षात आलं होतं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात कारखान्याच्या मालकांनीही बदलायचं ठरवलं. त्यांनी एक सल्लागार आणला. सल्लागार तरतरीत होता, बाह्या दुमडलेल्या होत्या आणि तो दर दोन वाक्यांनंतर डोळे मिटून श्वास घेई. त्याने सगळ्या कामगारांना गोदामात खुर्च्यांवर बसवून सांगितलं की जग जसं आहे तसं आपल्याला दिसत नाही, आपण जसे आहोत तसं दिसतं. आपण जसं बघू तसं ते होतं. मग तो तासभर आमच्याकडे बघतोय, तरी आम्ही आहोत तसेच कसे, असं कान लावणारीने शेजारणीला हळूच विचारलं. कान लावणारी म्हणजे कपांना कान चिकटवण्याच्या विभागातली सर्वांत जुनी बाई. सल्लागाराने ते ऐकलं आणि डोळे मिटून श्वास घेतला.

व्याख्यानाने कोणाचं बिघडलं नाही. बिघडलं ते नंतर. सल्लागाराच्या मते कारखान्यात नकारात्मक लहरी फार होत्या आणि त्यांचा उगम दोन ट्यूबलाइटच्या मधल्या स्टुलावर होता. चोवीस वर्षं जो माणूस फक्त खोट काढतो त्याच्या हाताखालून गेलेल्या कपात लोक चहा पितात, याचा परिणाम काय होत असेल, असा त्याचा सवाल होता. उपाय म्हणून भिंगरावांच्या स्टुलाशेजारी संगणकाचा एक छोटा पडदा बसवण्यात आला. पाटीत वीस कप भरले की त्यातला एक उचलायचा आणि पडद्यावर एका रकान्यात बोटाने लिहायचं. रकान्याचं नाव होतं, "पास करण्याचं कारण". ते भरल्याशिवाय पट्टा पुढे सरकत नसे.

पहिल्या पाटीला भिंगरावांनी लिहिलं, "दोष नाही." पडद्यावर एक हसरं सूर्यफूल उगवलं आणि त्याखाली अक्षरं आली, "कृपया सकारात्मक लिहा." त्यांनी लिहिलं, "तडा गेलेला नाही." सूर्यफूल. "ठीक." हे चाललं. दुसऱ्या पाटीला पुन्हा "ठीक" लिहिल्यावर पडदा म्हणाला, "हे कारण आज वापरलेलं आहे." मागे पट्टा थांबला, त्याच्या मागे भट्टीवाला थांबला आणि त्याने काय झालं म्हणून विचारलं.

दिवसाला शंभर पाट्या भरत. म्हणजे रोज शंभर कारणं, आणि शंभरही वेगळी. भिंगरावांनी लिहिलं, "गोल आहे." "पांढरा आहे." "उभा राहतो." "कान आहे." "आत पोकळ आहे." अकरा वाजेपर्यंत कपाविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान संपलं. चोवीस वर्षांचा अनुभव, आणि चांगल्या कपाबद्दल सांगण्यासारखं एकोणीस ओळींत आटोपलं. ते कप हातात धरून बसून राहिले. भट्टीवाल्याला त्यांची दया आली की थांबलेल्या पट्ट्याची, कोण जाणे, पण त्याने मागून शब्द पुरवायला सुरुवात केली. देखणा लिहा. घरंदाज लिहा. मनमिळाऊ. होतकरू. सगळ्यांना सांभाळून घेणारा. पडद्याने हे सगळं आनंदाने स्वीकारलं. त्या दिवशी संध्याकाळी गाडीत भरलेल्या मालात एक कप "निर्व्यसनी" म्हणून पास झालेला होता.

भिंगराव त्याच उत्साहात घरी गेले. जेवताना त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "जेवण छान झालंय." बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. मुलीने आईकडे बघितलं.

"नोकरी गेली का?" बायकोने विचारलं.

नोकरी शाबूत असल्याची खात्री पटायला तिला अर्धा तास लागला. पुढचे दोन दिवस भिंगरावांनी नेटाने खिडकीच्या पडद्याची, किटलीची आणि मुलीच्या पिशवीची स्तुती केली. मुलगी पिशवी घेऊन आत गेली आणि ती सगळीकडून उलटीपालटी करून तपासली. बाबांना त्यात काय सापडलं असेल ते तिला कळेना. तिसऱ्या दिवशी बायकोने त्यांना स्पष्ट सांगितलं की हे त्यापेक्षा वाईट आहे, पूर्वी निदान खरं तरी बोलायचात. रविवारी त्या मुलासमोर असं बोललात तर त्याला वाटेल थट्टा चाललीय.

खरी पंचाईत अशी की हे त्यांनाही पटत होतं. भिंगराव काहीही असतील, लबाड नव्हते. ज्या कपात घरंदाजपणा दिसला नाही त्याला घरंदाज म्हणून पुढे पाठवणं म्हणजे तडा गेलेला कप पास करण्यासारखंच होतं. रात्री त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आजवर त्यांनी एकही खोटा शेरा मारला नव्हता आणि आता दिवसाला ऐंशी मारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टीवाल्याला हात जोडले आणि सांगितलं की आता शब्द पुरवू नकोस. जे दिसेल तेच लिहीन. नाही दिसलं तर पट्टा थांबेल.

पट्टा बराच थांबला. भिंगराव कप हातात घेऊन फिरवत राहिले, खोट शोधताना फिरवतात तसाच, फक्त काय शोधायचं ते माहीत नव्हतं. खोट शोधताना डोळा कसा सरळ जातो, तोंडाची कड, बूड, कान, झालं. आता तो कुठे जायचं ते न कळून भटकायला लागला. आणि भटकता भटकता कानाच्या खालच्या टोकाशी अडकला. तिथे, जिथे कान कपाला मिळतो, एक पुसट दाब होता. बोटाचा. खोट म्हणावी असा नव्हता, त्यामुळे चोवीस वर्षांत तो त्यांना दिसलाच नव्हता. त्यांनी दुसरा कप घेतला, त्यालाही होता. तिसऱ्यालाही. प्रत्येक दाब जरा डावीकडे झुकलेला. दुपारनंतरच्या कपांना मात्र तो सरळ होता आणि खोलही. भिंगरावांनी रकान्यात लिहिलं, "दुपारचा आहे." पडद्याने ते घेतलं. पण भिंगरावांचं त्यावर भागेना. सकाळी डावीकडे का?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ते कान लावण्याच्या विभागात गेले. त्यांच्या स्टुलापासून तो चाळीस पावलांवर होता. ते तिथे आलेले बघून बायकांचे चेहरे पडले, कारण तपासनीस आजवर तिथे आला तो फक्त वाकडे कान परत करायला. कान लावणारी डबा उघडून बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "किती आहेत?"

"परत करायला नाही आलो," भिंगराव म्हणाले. "सकाळी तुमचं बोट डावीकडे झुकतं. का?"

तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

"सकाळी हात गार असतो," ती म्हणाली. "बोट पुरतं वळत नाही. माती पण गार असते. मग तिला जरा समजावून घ्यावं लागतं, कडेकडेने. दुपारी दोघी ऊब धरतो." मग म्हणाली, "एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही. तुम्ही तर रोज माझे तीनशे कान परत पाठवता."

"दीडशे," भिंगराव म्हणाले. खोटं त्यांना खपत नसे.

ती हसली आणि डब्याचं झाकण त्यांच्यापुढे सरकवून त्यात दोन घास काढून ठेवले. त्या सुटीत त्यांना कळलं की प्रत्येक कान ती चिकटवायच्या आधी एकदा आपल्या बोटात अडकवून बघते. तो घोट घेणाऱ्याच्या बोटात कसा बसेल ते बघायला. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचा पगार मिळत नव्हता.

त्यानंतर भिंगरावांच्या कारणांचा रंग बदलला. "आतल्या तळाशी झिलई गोळा झालीय, पाणी साचल्यासारखी." "सावली निळसर पडते." "टण नंतर आवाज आत जरा वेळ राहतो." "भट्टीत शेजारच्याला टेकला नव्हता, एकटा होता." कारणं कमी पडेनात. उलट शंभर पुरेनात. पट्टा आता थांबत होता तो काही सापडत नाही म्हणून नव्हे, सापडलेलं संपत नाही म्हणून. भट्टीवाला मागून विचारी की भिंगराव, कप आहे की कादंबरी? डावीकडचं पिंप मात्र पूर्वीइतकंच भरत होतं. तडा गेलेला कप त्यांच्या हाताला आजही तसाच चटका देई. फक्त त्यालाही आता ते पिंपात टाकण्याआधी विचारत, तुला काय झालं?

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक गोष्ट घडली. ती भिंगरावांनी कोणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. दुपारचे साडेतीन असतील. पाटी भरली, त्यांनी एक कप उचलला, ट्यूबलाइटकडे धरला. कडेच्या पातळ जागेतून उजेड आरपार येत होता. ते काय लिहावं म्हणून बघायला लागले आणि लिहिण्याचं विसरले. काही क्षण तिथे पास नव्हतं, नापास नव्हतं, तपासनीसही कुठे दिसत नव्हता. कप होता. उजेड होता. ते दोन्ही कोणालातरी दिसत होते आणि ज्याला दिसत होते त्याला स्वतःबद्दल काहीही म्हणायचं नव्हतं. भिंगराव देवभोळे नव्हते. प्रार्थनेला गेले तरी त्यांची नजर छताच्या ओलीवर जाई. पण चोवीस वर्षांत प्रथमच त्यांच्या डोक्यातला तो बारीक आवाज, "इथे बघ, इथे बघ" म्हणणारा, थांबला होता आणि तो थांबल्यावर कळलं की केवढा मोठा होता. कारखान्यातली यंत्रं बंद पडल्यावर कान सुन्न होतो तसं.

प्रत्यक्षात पट्टा बंद पडला होता. त्याची आठवण भट्टीवाल्याने करून दिली. भिंगरावांनी रकान्याकडे बघितलं आणि एकच शब्द लिहिला, "आहे."

पडद्याने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि कारण स्वीकारलं. पुढच्या पाटीला त्यांनी पुन्हा तेच लिहून बघितलं. पडदा म्हणाला, "हे कारण आज वापरलेलं आहे." यातच ज्ञानी माणसांत आणि पडद्यात काय फरक असतो ते आलं.

घरी या सगळ्याचा परिणाम झाला तो असा की भिंगराव प्रश्न विचारायला लागले. मिठाच्या बरणीचं झाकण लावताना तू दोनदा ठोकतेस, ते का? आपण ठोकतो हेच बायकोला ठाऊक नव्हतं. तिने झाकण लावून बघितलं, दोनदा ठोकलं आणि स्वतःच चकित झाली. मग बराच वेळ आठवून म्हणाली की आई ठोकायची, मुंग्या झटकायला. तो सगळा किस्सा, आईचं स्वयंपाकघर, मुंग्यांची रांग, मावशीने त्या रांगेला दिलेली नावं, यात जेवण निवलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात भिंगरावांनी त्या मावशीबद्दल प्रथमच ऐकलं. तरी बायकोचा संशय फिटला नव्हता. त्यांच्या माघारी तिने मुलीला विचारलं की डोळे दाखवून आणायचे का. मुलगी म्हणाली की डोळ्यांनी काही बिघडत नाही, रविवारी काय ते कळेलच. तिने भाड्याच्या खोलीवाल्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात पडदा निघाला. उत्पादन एक तृतीयांशाने घटलं होतं आणि मालकांच्या लहरी नकारात्मक झाल्या होत्या. सल्लागाराने डोळे मिटून श्वास घेतला आणि तो दुसऱ्या कारखान्यात गेला. भिंगराव पुन्हा जुन्या वेगाने काम करू लागले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. पण बायकोने ही बातमी ऐकली तेव्हा तिचा चेहरा उतरला. पडद्यानेच हे झालं असेल तर आता पडदा गेला, आणि रविवारला तीन दिवस उरले.

रविवारी तिने बसायच्या खोलीची रचना बदलली. पाहुण्याची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडणार नाही. भिंगरावांची खुर्ची शक्य तितकी लांब, कपाटाला टेकून. मुलगा आला. सडपातळ, मितभाषी, शर्ट इस्त्रीचा, केस मान डोलावली तरी न हलणारे. नमस्कार झाले, पाणी झालं. मुलगी दाराजवळ उभी राहिली, बसली नाही. बायको इतकी भराभर बोलत होती की कोणाला बघायला फुरसत मिळू नये. हवामान झालं, भाड्यांचे दर झाले, शेजारच्यांच्या कुत्र्याचं आजारपण झालं. मग तिचा श्वास संपला आणि खोलीत जी शांतता पसरली तिच्यात भिंगराव पुढे सरकून बसले. मुलीची बोटं दाराच्या कडीवर घट्ट झाली.

"खात्यात तुमचं काम नेमकं काय?" भिंगरावांनी विचारलं.

"गळती शोधतो, काका. रस्त्याखाली पाइप कुठे फुटलाय ते."

"खणून?"

"ऐकून. पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आत. एक लांब दांडी असते, ती पाइपावर टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा."

"आणि फुटलेला आवाज येतो."

"कधीतरी." मुलगा जरा घुटमळला. "बहुतेक वेळ चांगलेच पाइप ऐकायचे असतात. दिवसाला दोनशे ऐकले तर त्यात एक बिघडलेला. नव्या लोकांना याचाच कंटाळा येतो. ते फक्त गळतीच ऐकायला बघतात, मग त्यांना सगळीकडेच गळती ऐकू येते. आमचे साहेब म्हणायचे, आधी वर्षभर चांगला पाइप ऐक."

भिंगराव उभे राहिले. बायकोही उभी राहिली, मध्ये पडायच्या तयारीने.

"चांगल्या पाइपाचा आवाज कसा असतो?"

"सांगता नाही यायचं," मुलगा म्हणाला. "ऐकवू का? स्वयंपाकघर कुठे आहे?"

दोन मिनिटांनी बायकोला आणि मुलीला जे दृश्य दिसलं ते असं होतं. ओट्याखालचं कपाट उघडं होतं, बादल्या बाहेर काढलेल्या होत्या आणि भावी जावई व भावी सासरे शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून आत घुसले होते. मुलाने लांब लाकडी चमचा मागून घेतला होता. त्याचं एक टोक पाइपावर टेकवून दुसरं त्याने भिंगरावांच्या कानाच्या पुढच्या हाडावर नीट बसवलं होतं. भिंगरावांचे डोळे मिटलेले होते. आधी काहीच नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले की काहीतरी आहे, पण लांब आहे. मुलगा म्हणाला, ती घरातली शांतता, तिच्या खाली ऐका. वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला तेव्हा भिंगरावांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की बायकोने मुलीचा हात धरला. त्यांना त्या चमच्यातून अख्खी इमारत ऐकू येत होती. मग इमारतीच्या खालचं, रस्त्याखालचं काहीतरी, सलग, एका सुरात वाहणारं, कोणाकडूनही काही न मागणारं. या घरात ते एकवीस वर्षं राहत होते आणि ते सतत पायाखाली चालू होतं.

ते दीड तास तिथे होते. मोरीचा पाइप झाला, गच्चीवरून उतरणारा झाला, एकदा शेजाऱ्यांची बेल वाजवून त्यांच्या ओट्याखालीही जाऊन आले. चहा दोनदा निवला. निघताना मुलाच्या गुडघ्यांना धूळ होती आणि भिंगरावांच्या कानासमोर चमच्याचा गोल वळ उठलेला होता. मुलगा म्हणाला की मी खाली थांबतो, आणि मुलीकडे न बघता जिना उतरला. दार लोटलं गेलं.

मुलीने चपला आधीच घातल्या होत्या. पिशवी खांद्याला होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "सांगा आता."

"काय?" भिंगराव बादल्या आत ठेवत होते.

"कसा आहे ते. मनात जे आलं असेल ते सांगा. मला उगाच गोडगोड नकोय."

बायकोने नजरेने विनवलं. पण मुलीने खरं मागितलं होतं आणि भिंगरावांना दुसरं काही देता येत नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि जे दिसलं होतं ते आठवून बघितलं.

"त्याचा डावा खांदा उतरलेला आहे," ते म्हणाले.

बायकोने डोळे मिटले. मुलीच्या चेहऱ्यावर तोच शांतपणा आला ज्याची सगळ्यांना भीती होती. तिने कडीला हात घातला.

"चांगला दोन बोटं खाली आहे," भिंगराव आपल्याच नादात म्हणाले. "चालताना उजवा मागे राहतो. दांडी उचलून होत असेल, की लहानपणापासूनचा? का झोपायची सवय? त्या नळाच्या भानगडीत विचारायचंच राहून गेलं."

मुलीचा हात कडीवर तसाच राहिला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, एखादं अक्षर लागत नाही तसं. मग तिने पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली.

"मला माहीत आहे का ते," ती म्हणाली.

"तू सांगू नकोस." भिंगराव दाराशी आले. "खालीच थांबलाय ना अजून?"

आणि तिला बाजूला सारून ते जिना उतरायला लागलेसुद्धा, एका पायात स्वतःची आणि एका पायात बायकोची चप्पल. मुलीने ते वरून बघितलं. "इथे बघा" असं मात्र ती म्हणाली नाही.